कोडे, कारण आणि कृती : ‘इव्हँगेलिअन’च्या अखेरच्या भागाच्या निमित्ताने

१

२७ मार्च १९९६ रोजी जपानमधील टीव्ही टोकियो या वाहिनीवरून ‘निऑन जेनेसिस इव्हँगेलिअन’ या विज्ञानकल्पनाधारित अ‍ॅनिमेशन मालिकेचा सव्विसावा आणि अखेरचा भाग प्रक्षेपित झाला. त्या भागाने जो संताप, जी निराशा आणि त्यापाठोपाठ उपपत्तींचा जो पूर निर्माण केला, तो तीन दशकांनंतरही पुरता ओसरलेला नाही. दूरचित्रवाणीवरील एका मालिकेच्या अर्ध्या तासाच्या भागाविषयी साहित्यसमीक्षेला वाहिलेल्या नियतकालिकाने पाने का खर्ची घालावीत, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उमटेल. त्याचे उत्तर असे की, प्रश्न त्या मालिकेपुरता नाही. वाचन म्हणजे काय, वाचकाच्या स्वातंत्र्याला मर्यादा कोठे पडते, आणि कलाकृती आपल्या वाचकाला ‘नाही’ म्हणू शकते काय, हे आपल्या अभ्यासविषयाच्या गाभ्याचे प्रश्न आहेत. ते या प्रकरणात जितक्या उघडपणे समोर येतात तितके अभिजात म्हणून मान्यता पावलेल्या कृतींच्या बाबतीत येत नाहीत. कारण तेथे आदराचा पडदा मध्ये असतो.

माझे प्रतिपादन आरंभीच स्पष्ट केलेले बरे. या भागावर रागावलेला प्रेक्षक हा त्याविषयी उपपत्ती रचणाऱ्या प्रेक्षकापेक्षा अधिक चांगला वाचक होता. उपपत्तिकारांनी कृतीला कधी कोडे मानले, कधी अपघात मानले, कधी रोगलक्षण मानले. पण कृती मानले नाही. रागावलेल्याने निदान एवढे ओळखले की आपल्याशी कोणीतरी काहीतरी बोलले आहे आणि ते आपल्याला रुचलेले नाही. चाहत्यांच्या उपपत्तिरचनेला ‘सर्जक वाचन’ म्हणून गौरवणारी जी समीक्षा गेल्या काही दशकांत प्रतिष्ठित झाली, तिने वाचकाची बाजू घेतल्याचा आव आणून प्रत्यक्षात वाचनाची बाजू सोडून दिली आहे.

२

प्रथम वस्तुस्थिती. हिदेआकी आन्नो यांनी दिग्दर्शित केलेली आणि गायनॅक्स या संस्थेने निर्मिलेली ही मालिका ४ ऑक्टोबर १९९५ रोजी सुरू झाली. कथेचा काळ इसवी सन २०१५. एका महासंहारानंतरच्या जगात ‘शितो’ म्हणजे प्रेषित या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनाकलनीय सत्ता मानवी वस्तीवर चालून येतात आणि त्यांच्याशी झुंजणारी ‘इव्हा’ ही महाकाय यंत्रशरीरे चौदा वर्षांच्या मुलांना चालवावी लागतात. शिंजी इकारी हा त्यांपैकी एक. त्याला या कामावर बोलावणारा आणि एरवी त्याच्याकडे पाठ फिरवणारा त्याचा बापच या लष्करी संस्थेचा प्रमुख आहे. बाह्यतः हा जपानी अ‍ॅनिमेशनमध्ये चांगलाच रुळलेल्या यंत्रमानवकथेचा साचा आहे. त्यावर मालिकेने रहस्यांचा एक दाट थर चढवला आहे : मृत समुद्राकाठी सापडलेल्या गुंडाळ्या, कब्बालाचा सेफिरोथ वृक्ष, लाँगिनसचा भाला, आदाम आणि लिलिथ, आणि साऱ्या मानवजातीला एकमेकांत विलीन करून अपूर्णतेतून सोडवू पाहणारी ‘मानवपूर्ती योजना’.

चोविसाव्या भागात शेवटचा प्रेषित मारला जातो. आता रहस्यांचा उलगडा होणार, अंतिम संघर्ष दिसणार, अशी अपेक्षा मालिकेनेच निर्माण केलेली असते. पंचविसाव्या आणि सव्विसाव्या भागांत यांतले काहीही घडत नाही. काळोख्या रंगमंचावर एका खुर्चीवर पात्र बसलेले आहे आणि त्याची उलटतपासणी चालली आहे. पडद्यावर अक्षरे उमटतात, पूर्वीच्या भागांतील चित्रे पुन्हा येतात, मध्येच छायाचित्रे, पेन्सिलीची कच्ची रेखाटने, संहितेची पाने दिसतात. तू इव्हा का चालवतोस, हा एकच प्रश्न शिंजीला वेगवेगळ्या आवाजांत विचारला जातो. शेवटी, आपण इथे असायला हरकत नाही, या जाणिवेशी तो येतो. त्याच्याभोवतीचे कवच फुटते, सर्व पात्रे त्याला घेरून टाळ्या वाजवतात आणि एकेक जण त्याचे अभिनंदन करतो. पित्याचे आभार, मातेचा निरोप आणि सर्व मुलांचे अभिनंदन अशा आशयाच्या अक्षरांनी मालिका संपते.

प्रेक्षक संतापले. त्यांची फसवणूक झाली होती असे त्यांना वाटले. आणि एका अर्थाने ती झालीही होती. आपल्यापुढील खरा प्रश्न यानंतर सुरू होतो. संताप हा कोणालाच फार काळ परवडत नाही. त्याचे रूपांतर स्पष्टीकरणात करावे लागते. ‘इव्हँगेलिअन’च्या चाहत्यांनी अशी स्पष्टीकरणे विपुल निर्माण केली. त्यांचे मुख्य प्रकार चार.

३

पहिली उपपत्ती आर्थिक. पैसा संपला, वेळ संपला, म्हणून जे हाताशी होते ते जोडून शेवट उरकला, असे ती सांगते. निर्मितीचे वेळापत्रक उत्तरार्धात कोलमडले होते, हे मान्यच आहे. परंतु टंचाई हे एखादी गोष्ट करण्याचे निमित्त होऊ शकते. जे केले त्याचा अर्थ ते सांगू शकत नाही. वेळ नसलेला दिग्दर्शक घाईघाईने नेहमीचा शेवट करू शकतो, आणि बहुतेक जण तेच करतात. शिवाय ही उपपत्ती संहितेतील पुराव्यापुढे टिकत नाही. सोळाव्या भागात शिंजी एका प्रेषिताच्या उदरात अडकतो, तेव्हा आगगाडीच्या रिकाम्या डब्यात बसून तो स्वतःशीच वाद घालतो. विसाव्या भागात त्याचे शरीरच विरघळून जाते आणि उरलेल्या जाणिवेची चौकशी सुरू होते. अखेरच्या भागांची रीत आकाशातून पडलेली नाही. मालिकेने ती आधीच शिकवून ठेवली होती. आणखी एक गोष्ट. आन्नो यांनी २००६ मध्ये स्थापन केलेल्या ‘खारा’ या स्वतःच्या संस्थेतून ही कथा चार चित्रपटांत नव्याने मांडली. त्यांतील तिसरा २०१२ मध्ये आणि अखेरचा ८ मार्च २०२१ रोजी प्रदर्शित झाला. या अखेरच्या चित्रपटाच्या शेवटी चित्रीकरणगृहाचा सेट उघडा पडतो आणि पात्रे कच्च्या रेखाटनांच्या अवस्थेत परततात. नऊ वर्षांचा अवधी हाताशी असताना जी रीत पुन्हा निवडली जाते, ती केवळ नाइलाजाची होती असे म्हणणे कठीण आहे.

दुसरी उपपत्ती गूढार्थवादी. तिच्या मते अखेरचा भाग हा संकेतबद्ध मजकूर असून त्याची किल्ली कब्बालात, ज्ञानवादी पंथांत किंवा मालिकेच्या एखाद्या चौकटीत क्षणभर दिसलेल्या चिन्हात दडलेली आहे. या वृत्तीवर जपानमध्ये एक प्रकाशनव्यवसायच उभा राहिला. प्रसिद्ध कथामालिकांची कोडी सोडवून दाखवणारी पुस्तके १९९२ पासूनच तेथे लोकप्रिय झाली होती; ‘इव्हँगेलिअन’ने त्या प्रकाराला नवा बहर आणला. मालिकेचे साहाय्यक दिग्दर्शक काझुया त्सुरुमाकी यांनी पुढे सांगितले की ख्रिस्ती चिन्हे इतर यंत्रमानवकथांपेक्षा वेगळेपण यावे म्हणून घेतली होती, त्यांत धार्मिक अर्थ योजलेला नव्हता. परंतु हा दाखला मी निर्णायक मानत नाही. कर्त्याचा हेतू हा कृतीच्या अर्थाचा निकष होऊ शकत नाही, हे विम्सॅट आणि बिअर्ड्स्ली यांनी १९४६ मध्ये सांगितलेले तत्त्व आपल्याला गैरसोयीच्या ठिकाणी जसे पाळावे लागते तसे सोयीच्या ठिकाणीही पाळले पाहिजे. निर्णायक आहे ती संहिता. अखेरच्या दोन भागांत गुंडाळ्यांविषयी, भाल्याविषयी कोणी उत्तर देत नाही. इतकेच नव्हे, तर कोणी विचारतही नाही. रोलाँ बार्थ यांनी ‘एस/झेड’मध्ये (१९७०) कथनातील पाच संकेतव्यूह वेगळे केले, त्यांतील एक कोडे घालण्याचा व सोडवण्याचा. ‘इव्हँगेलिअन’ चोवीस भाग हा संकेतव्यूह चालवते आणि मग तो बंद करते. बंद केलेल्या दाराचे कुलूप तपासत बसणाऱ्याला आपण खोलीबाहेर काढले गेलो आहोत याचे भान राहत नाही.

तिसरी उपपत्ती चरित्रात्मक. मालिकेच्या आरंभी, १९९५ मध्ये, आन्नो यांनी एक निवेदन लिहिले होते. चार वर्षे काहीही न करू शकलेला, मोडून पडलेला माणूस ही मालिका करतो आहे, असा त्याचा आशय होता. त्यावरून अखेरचा भाग म्हणजे दिग्दर्शकाने जाहीरपणे केलेला मानसोपचार, असे समीकरण मांडले गेले. हे समीकरण आपल्याला फार ओळखीचे वाटायला हवे. बालकवींच्या ‘औदुंबर’ या आठ ओळींच्या कवितेचे मराठीत किती अन्वय लागले आणि त्यांतील काहींवर १९१८ मधील त्यांच्या रेल्वेखालील मृत्यूची छाया कशी पडली, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको. कविता लिहिताना जो मृत्यू घडलेलाच नव्हता तो कवितेत वाचायचा, आणि मालिका करताना जे नैराश्य होते तेवढेच मालिकेत वाचायचे, या दोन चुका भिन्न दिसल्या तरी त्यांचे मूळ एकच : कृतीने आपल्याला अस्वस्थ केले, तर त्या अस्वस्थतेचा पत्ता कर्त्याच्या घराचा द्यायचा आणि आपण मोकळे व्हायचे.

चौथी उपपत्ती समन्वयवादी, आणि चौघींत सर्वांत बुद्धिमान. प्रेक्षकांच्या क्षोभानंतर १९ जुलै १९९७ रोजी ‘इव्हँगेलिअनचा अंत’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्यात पंचविसाव्या व सव्विसाव्या भागांचे दुसरे रूप आले. समन्वयवादी म्हणतात की दोन्ही शेवट एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत : मालिका आतून दाखवते, चित्रपट बाहेरून. हे ऐकायला समाधानकारक आहे, आणि तेच त्याचे वैगुण्य. ‘किंग लिअर’च्या क्वार्टो आणि फोलिओ या दोन भिन्न संहिता एकत्र शिवून संपादकांनी शतकानुशतके एकच नाटक छापले, १९८६ च्या ऑक्सफर्ड आवृत्तीने ती शिवण उसवली आणि दोन्ही नाटके स्वतंत्रपणे समोर ठेवली. दोन कृती परस्परांना छेद देत असतील तर तो छेद हाच वाचनाचा विषय असतो. समन्वयवादी तो बुजवतो आणि आपण काही उलगडले असे समजतो.

या चारही उपपत्तींत एक समान सूत्र आहे. प्रत्येकीत अखेरचा भाग हा दुसऱ्या कशाचा तरी अवशेष ठरतो : न झालेल्या चित्रीकरणाचा, लपवलेल्या शास्त्राचा, आजारी मनाचा किंवा मोठ्या एकसंध कथेचा. तो भाग स्वतः काय करतो, हे पाहण्याची गरज यांपैकी कोणालाही भासत नाही.

४

तेव्हा ते पाहू. सव्विसाव्या भागात एक प्रसंग आहे. सर्व काही नाहीसे होते आणि शिंजी एका पांढऱ्याशुभ्र अवकाशात केवळ रेषेने काढलेल्या आकृतीसारखा तरंगत राहतो. हे संपूर्ण स्वातंत्र्याचे जग आहे, असे त्याला सांगितले जाते. पण या जगात त्याला काही करता येत नाही, तो भेदरतो. मग चित्रात एक आडवी रेषा ओढली जाते. वर आणि खाली निर्माण होतात. आता तुला जमिनीवर उभे राहावे लागेल, म्हणजे तुझे एक स्वातंत्र्य गेले. पण तुला हायसे वाटते आहे, कारण आता तू चालू शकतोस, असे आवाज सांगतात.

स्वातंत्र्याविषयीचे हे विधान अमूर्त नाही. ते अ‍ॅनिमेशनच्या माध्यमातच केलेले आहे, कारण या माध्यमात जमीन म्हणजे खरोखरच कोणीतरी ओढलेली एक रेषा असते. कच्ची रेखाटने आणि संहितेची पाने पडद्यावर येण्याचे कारण येथे कळते : ज्या जगात तुम्ही सहा महिने राहिलात ते काढलेले आहे, आणि तरीही त्या रेषेवर उभे राहता येते. पाठोपाठ दुसरा प्रसंग येतो. शिंजी आपल्या खोलीत जागा होतो. आई स्वयंपाकघरात आहे, वडील वर्तमानपत्र वाचत आहेत, आसुका ही बालमैत्रीण त्याला शाळेसाठी उठवायला आली आहे. एरवी मितभाषी, जवळजवळ अशरीर असलेली रेइ आयानामी येथे तोंडात पाव धरून धावणारी भांडखोर मुलगी आहे. तीच पात्रे, दुसरी कथा. हे जग आल्हादक आहे. पण शिंजी तेथे राहत नाही. हीदेखील एक शक्यता आहे, आताचा मी म्हणजे अटळ मी नव्हे, एवढे तो त्यातून घेतो आणि पुढे जातो.

या दृश्याला १९९६ च्या जपानी प्रेक्षकाच्या दृष्टीने एक नेमका रोख होता. चाहते जे करतात तेच येथे कृतीने करून दाखवले आहे : पात्रे उचलायची, त्यांना सुखकर परिस्थितीत ठेवायचे आणि त्या सुखात राहायचे. मालिकेने हे सुख नाकारलेले नाही. ते देऊन मग त्याची सीमा दाखवली आहे. शेवटच्या टाळ्या ज्याला उद्देशून वाजतात तो केवळ शिंजी नव्हे. पडद्यावरची पात्रे समोर पाहून अभिनंदन करतात तेव्हा ते पडद्यासमोर बसलेल्याला निरोप देत असतात : आता उठ. रागावलेल्या प्रेक्षकाला नेमके हेच ऐकू आले. त्याला कथा हवी होती आणि कथेने त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. त्याचा राग ही त्या निरोपाची पोच होती. उपपत्तिकाराने मात्र निरोप घेतलाच नाही. तो आजही तेथेच बसून आहे.

या पोचेला कृतीने दिलेले उत्तर १९९७ च्या चित्रपटात सापडते. तो प्रेक्षकशरणतेचा नमुना आहे असे म्हणणाऱ्यांनी त्यातील एक भाग पुन्हा पाहावा. अ‍ॅनिमेशन थांबते आणि प्रत्यक्ष छायाचित्रणाची दृश्ये येतात. त्यांत चित्रपटगृहात बसलेला प्रेक्षकवर्ग आहे, आणि निर्मात्यांकडे आलेल्या पत्रांचा मजकूर क्षणार्धात झळकून जातो. त्यात निंदा आहे तशी प्रशंसाही आहे. कृतीने रागाला उत्तर देण्याच्या योग्यतेचे मानले. एकाही उपपत्तीला तिने हा मान दिलेला नाही.

५

आता विरोधी पक्षाचे म्हणणे. हेन्री जेंकिन्स यांनी ‘टेक्स्च्युअल पोचर्स’ (१९९२) या ग्रंथात मिशेल द सेर्तो यांची एक प्रतिमा विस्ताराने वापरली : चाहता म्हणजे जमीनदाराच्या राखीव रानात चोरून शिकार करणारा. मालकीहक्क उद्योगाचा, पण अर्थ चाहत्याचा. ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांविषयी लिहिताना या प्रतिमेने मोठे काम केले. विद्यापीठीय तुच्छतेखाली दडपलेल्या, विशेषतः स्त्रियांच्या, लेखनव्यवहाराला तिने प्रतिष्ठा दिली. ते ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु प्रतिमेत एक गृहीत आहे : रानाच्या मालकाला शिकार नको असते. ‘इव्हँगेलिअन’च्या बाबतीत मालकच परवाने विकत होता. कोड्यांची पुस्तके, खेळ, पुतळ्या, रेइ आयानामीला ‘वाढवण्याचा’ संगणकीय खेळ, यांनी चाहत्याच्या कल्पकतेची किंमत आधीच ठरवलेली होती. जेथे उल्लंघन हाच माल असतो, तेथे उल्लंघनाला प्रतिकार म्हणणे भाबडेपणाचे आहे.

जपानी समीक्षकांनी हे आधी ओळखले. एइजी ओत्सुका यांनी १९८९ मध्येच दाखवले होते की ग्राहक एकेक वस्तू विकत घेताना तिच्यामागील विश्वकथेचा तुकडा विकत घेत असतो. हिरोकी आझुमा यांनी २००१ मध्ये त्यापुढे जाऊन म्हटले की आता विश्वकथाही उरलेली नाही. उरला आहे तो घटकांचा साठा, आणि ‘इव्हँगेलिअन’ हीच मुळात अशा साठ्यासारखी रचलेली आहे. अखेरच्या भागातील शालेय जग हा त्याचा पुरावा. आझुमांचे वर्णन मला बहुतांशी पटते, निष्कर्ष पटत नाही. साठ्यातून घटक उचलून दाखवणे आणि साठ्याच्या स्वाधीन होणे यांत फरक आहे. शिंजी त्या जगातून बाहेर पडतो, हा कथनाचा तपशील या विश्लेषणातून निसटतो; आणि तोच तपशील या भागाचा कणा आहे.

सैद्धांतिक पातळीवर विरोधकांचा खरा आधार स्टॅन्ली फिश आहेत. संहितेत अर्थ नसतो. अर्थनिर्णय करणारा समूह आपल्या रीतींनी तो घडवतो, हा त्यांचा १९८० चा सिद्धांत. चाहत्यांचा समूह हे या सिद्धांताचे आदर्श उदाहरण वाटावे असाच आहे. त्यांच्या संज्ञा ठरलेल्या, पुराव्याचे निकष ठरलेले, वादाच्या पद्धती ठरलेल्या. तरीही नेमके हेच प्रकरण फिश यांच्या सिद्धांताला अडचणीत आणते. संहिता जर समूहाच्या रीतींनीच घडत असेल, तर २७ मार्च १९९६ रोजी त्या समूहाला धक्का कशाचा बसला? स्वतःच घडवलेली वस्तू कोणाचा अपेक्षाभंग करू शकत नाही. अपेक्षा मोडण्यासाठी अपेक्षेच्या बाहेर काहीतरी असावे लागते. त्या सायंकाळचा संताप हा संहितेच्या स्वतंत्र अस्तित्वाचा अनुभवसिद्ध पुरावा आहे. नंतर रचलेल्या उपपत्ती म्हणजे तो पुरावा नष्ट करून समूहाने पुन्हा स्वतःच्या घरात शिरणे होय.

येथे कोणी हान्स रॉबर्ट याउस यांचे नाव घेईल : अपेक्षाक्षितिज मोडण्यातच कृतीचे मूल्य असते, असे त्यांनी १९६७ मध्ये मांडले, तेव्हा तुम्ही तेच म्हणता आहात. तसे नाही. केवळ अपेक्षाभंग हा मूल्याचा निकष मानला तर प्रत्येक फसलेली कृती थोर ठरेल. ज्या अपेक्षाभंगाचे कारण कृतीच्या अंतर्गत रचनेतून दाखवता येते तोच मूल्यवान. सोळाव्या आणि विसाव्या भागांचा, आडव्या रेषेचा, शालेय जगाचा दाखला मी त्यासाठीच दिला. वोल्फगांग इझर ज्या रिक्त जागांविषयी बोलतात त्या संहितेने आखून दिलेल्या असतात. वाचकाने त्या भरायच्या असतात, पण त्यांचा आकार त्याच्या हाती नसतो. उपपत्तिकार रिक्त जागा भरत नाही. तो ती रिक्त नाहीच असे सिद्ध करू पाहतो.

६

आपल्या परंपरेत या वादाला काही आधार आहे काय? अभिनवगुप्तांनी रसप्रतीतीची सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतील एक, नाट्यार्थ हा ‘माझा’ किंवा ‘त्याचा’ म्हणून घेणे, दुसरे, स्वतःच्या सुखदुःखाच्या अधीन होणे, तिसरे, संशययोग. चाहत्याची अवस्था या तिन्ही विघ्नांनी ग्रासलेली आहे असे म्हणून मोकळे होण्याचा मोह अनेकांना होईल. शिंजीला तो ‘माझा’ मानतो, म्हणून साधारणीकरण होत नाही. तो चाहता आहे, सहृदय नाही. हे म्हणणे चूक नाही, पण अपुरे आहे, आणि त्यात आत्मसंतोष फार आहे. अभिनवगुप्तांच्या व्यवस्थेत विघ्ने दूर करण्यासाठी नाट्य आपली साधने वापरते. गीत, वाद्य, रंगमंडप, नटाचा वेश ही सर्व त्यासाठीच. ‘इव्हँगेलिअन’चा अखेरचा भाग उलट करतो. तो नटाचा वेश उतरवतो, रंगमंडपाचे खांब दाखवतो आणि प्रेक्षकाला त्याच्या स्वतःच्या सुखदुःखापाशी मुद्दाम नेऊन सोडतो. विघ्न हेच येथे साधन आहे. रससिद्धांताला या कृतीविषयी काही सांगायचे असेल तर प्रेक्षकाला अपात्र ठरवून भागणार नाही. हेतुतः आणलेल्या विघ्नातून कोणती प्रतीती संभवते, हा प्रश्न त्याला स्वतःला विचारावा लागेल. ते काम आपल्याकडे अजून व्हायचे आहे, आणि एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने ते हाती घ्यावे इतके ते मोलाचे आहे.

वाचक म्हणतील, बरे-वाईट वाचन ठरवणारे तुम्ही कोण? हा आक्षेप लोकशाहीवादी वाटतो, पण त्याचा परिणाम लोकशाहीला पोषक नाही. सर्व वाचने सारखीच योग्य असतील तर कोणाचेही वाचन दुरुस्त होण्याची शक्यता संपते, आणि मग टिकते ते ज्याच्यामागे संख्या किंवा बाजार आहे तेच. एल. सी. नाइट्स यांनी १९३३ मध्ये लेडी मॅक्बेथच्या मुलांची संख्या विचारणाऱ्या समीक्षेची जी थट्टा केली, ती विद्यापीठातील प्रतिष्ठित समीक्षकांची होती, पिटातील प्रेक्षकाची नव्हे. पात्राला संहितेबाहेर आयुष्य देण्याची सवय विद्वानांची, आणि ती चाहत्यांपर्यंत झिरपली असेल तर त्याची जबाबदारी आपल्यावरही येते. आपल्या विभागांत आज कादंबरीला सामाजिक दस्तऐवज, कवितेला चरित्राचे परिशिष्ट आणि दोहोंना एखाद्या पाश्चात्त्य सिद्धांताचे उदाहरण मानून जे प्रबंध लिहिले जातात, त्यांची जात याच चार उपपत्तींची आहे. एक आर्थिक कारण सांगतो, एक किल्ली शोधतो, एक कर्त्याची प्रकृती तपासतो, एक सर्व विसंगती मिटवतो. परीक्षक समाधान पावतात. कृती मात्र न वाचलेलीच राहते.

तेव्हा चाहत्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही, आणि त्यांना डोक्यावर घेण्याचे कारणही नाही. त्यांच्या वर्तनातील एका गोष्टीचा मात्र आदर केला पाहिजे : एका सायंकाळी ते मनापासून रागावले. आवडत्या कवितेने विश्वासघात केला म्हणून संतापलेला विद्यार्थी मराठीच्या वर्गात आपल्याला किती वेळा दिसतो? विद्यार्थ्याला संतापाची सोय राहू नये इतकी स्पष्टीकरणे आपण त्याच्या हाती आधीच ठेवलेली असतात. वाचकाचे स्वातंत्र्य त्या पांढऱ्या अवकाशासारखे आहे. त्यात तरंगता येते, चालता येत नाही. संहिता ही ती आडवी रेषा आहे. ती एक स्वातंत्र्य हिरावून घेते. तिच्यावाचून मात्र पाऊल टाकायला जागाच नसते, आणि ठेच लागण्याचीही शक्यता नसते. ठेच लागलेल्याला निदान जमीन कोठे आहे हे कळलेले असते. समीक्षेने तेथून आरंभ करावा.